राखबाई आणि अकरा वणवे

माझी आत्या जळलेल्या जमिनीवर गुडघे टेकून पोट भरायची. असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघत राहतात, म्हणून नीटच सांगते. ती वनखात्यात होती आणि वणवे कशाने लागले हे शोधून काढणं हे तिचं काम होतं. आग विझली, जमीन हात लावण्याइतकी निवली, की तिला बोलावणं जायचं. मग ती गुडघ्यांना जाड पट्टे बांधायची, कमरेला पिशवी अडकवायची आणि शंभर-दोनशे एकर काळ्याठिक्कर रानातून जिथे पहिली ठिणगी पडली तो वीतभर तुकडा हुडकून काढायची.

ते कसं कळतं, असं मी लहानपणी विचारायचे. ती म्हणायची, दगडाला विचारायचं. आग ज्या बाजूने आली त्या बाजूने दगड जास्त काळवंडतो. झाडाच्या बुंध्यावरही तसंच. अशा खुणा बघत ती तारेवर लावलेल्या छोट्या झेंड्या रोवत जायची. आग धावत गेली तिथे लाल, बाजूला पसरली तिथे पिवळी, मागे सरकली तिथे निळी. झेंड्यांचं रिंगण लहान लहान होत जायचं, आणि शेवटी ती पोटावर पडून चाळणी आणि चिमटा घेऊन राख निवडायची. गावात तिला सगळे राखबाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट फोनवरसुद्धा ती स्वतःच सांगायची, "राखबाई बोलतेय."

बसणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. आमच्याकडे आली तरी चहा उभ्याने प्यायची, बोलता बोलता खिडकीची कडी घट्ट करायची, ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे लावायची. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, तर "राहून गेलं," म्हणायची, जणू बाजारातून एखादी वस्तू आणायची राहून गेली होती.

माझी आई तिला नेहमी एकच प्रश्न विचारायची. "पण वन्सं, लोक मुद्दाम आग लावतात तरी का?"

"ते मी विचारत नाही," आत्या म्हणायची. "मी कुठून, कधी आणि कशाने एवढंच बघते. का ते पोलिसांनी बघावं."

तरी तिच्या कानावर कारणं यायचीच, आणि ती आम्हाला सांगायचीही. एकाने शेजाऱ्याशी हद्दीचं भांडण होतं म्हणून झुडपं पेटवली होती. गुराख्यांना कोवळं गवत लवकर हवं असतं. एका बाईने नवरा ज्या टेकडीवर कुणाला तरी भेटायला जायचा ती टेकडीच पेटवून दिली होती. दोघा कॉलेजच्या पोरांनी सांगितलं होतं, कंटाळा आला होता. आत्याचं म्हणणं, वेडे म्हणावे असे फार थोडे, बाकी सगळे तुमच्या-आमच्यासारखे, रांगेत उभे राहून दूध घेणारे. हे ती इतक्या सहज म्हणायची की आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगायचं आहे त्या उन्हाळ्यात मी चौतीस वर्षांची होते. शाळेत गणित शिकवते, सुट्टी लागली होती. आत्या त्या उन्हाळ्यातल्या चौथ्या वणव्याच्या उतारावर घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर, गाडी चालवता येईना, आणि खात्याचा ड्रायव्हर दीड महिन्याच्या रजेवर. घरी बसून राहायला सांगितलं असतं तर तिला वेड लागलं असतं. म्हणून मी तिला माझ्या गाडीतून न्यायला लागले. चाळणी धरायची, झेंड्या मोजून द्यायच्या, तिने सांगितलेली मापं वहीत लिहायची.

आता बाबांबद्दल. माझे बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. एकसष्ट वर्षांचे झाले तरी ती त्यांना बारक्याच म्हणायची. बाबांनी प्लायवूडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. शेवटी शेवटी ते लाकडाचे थर दाबून चिकटवणाऱ्या प्रेस खात्याचे फोरमन होते, हाताखाली चाळीस माणसं. कारखाना बंद झाला आणि बाबा घरी आले. पहिले दोन महिने त्यांनी घरातला प्रत्येक नळ दुरुस्त केला. नंतर दुरुस्त करायला काही उरलं नाही. ते दारात उभे राहायचे, आत यायचे, परत दारात जायचे. आई म्हणायची, "अहो, एक काहीतरी करा, आत या नाहीतर बाहेर जा."

मग ते स्वयंसेवकांच्या अग्निशमन पथकात गेले. वणवा लागला की फोन यायचा आणि पंधरा-वीस जण टँकर घेऊन धावायचे. त्यात न्हावी होता, वायरमन होता, बेकरीवाला होता. पगार नाही, पण खाकी गणवेश होता, जाड बूट होते, आणि टँकर बाबा चालवायचे. ते पुन्हा ताठ चालायला लागले. दुकानात गेले की लोक विचारायचे, "काय म्हणतोय डोंगर?" आणि बाबा मान हलवून म्हणायचे, "कोरडा आहे. लक्ष ठेवून आहोत." आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. आई तर म्हणाली, "माझा नवरा मला परत मिळाला."

त्या उन्हाळ्यात वणवे लागत गेले. सगळे दुपारचे, सगळे रस्त्यापासून फार लांब नाहीत. सातव्यापर्यंत आत्याला मुद्दाम लावल्याचं दिसत होतं, पण हाती वस्तू लागत नव्हती. आठवा खडीच्या जुन्या खाणीपाशी लागला. तिथे राख निवडताना तिचा चिमटा थांबला. तिने दोन तुकडे उचलून पांढऱ्या कागदावर ठेवले. आगपेटीची काडी होती, जळालेली आणि मधोमध मोडलेली. दोन्ही तुकडे एका दगडाच्या खोबणीत पडले होते म्हणून वाचले होते.

"सापडलं की," मी म्हटलं.

तिने तुकडे पाकिटात घातले, वहीत मी लिहू लागले तर म्हणाली, "नंतर लिहू." परत येताना गाडीत ती प्लास्टरच्या हाताने दारावर टकटक करत होती. मी दोनदा सांगितलं तरी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती जेवायच्या वेळेला आमच्याकडे आली. बोलावलेलं नव्हतं. आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि बाबांना म्हणाली, "बारक्या, चहा कर रे मला. तुझ्या हातचा."

"लायटर बिघडलाय," आई म्हणाली. "थांबा, मी करते."

"त्यालाच करू दे."

बाबांनी आगपेटी घेतली, शेगडी पेटवली. काडी फुंकून विझवली, दोन बोटांत धरून कट्कन मोडली आणि ताटलीत टाकली. आमच्या घरात सगळेच मोडतात. आजीने दोघा भावंडांना ती सवय लावली होती, कारण मोडताना बोटांना चटका बसला नाही म्हणजे काडी थंड झाली, मग कुठेही टाका. आत्याने ताटलीकडे पाहिलं. चहा झाला तो तिने घेतला नाही. "आठवलं काहीतरी," म्हणून निघून गेली. मी ते पाहिलं होतं, पण माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. आपल्या बापाबद्दल तसं डोक्यात येतच नाही.

पुढचे काही दिवस आत्याने मला सळो की पळो करून सोडलं. पहाटे फोन करून विचारायची, परवा बाबा किती वाजता घरून निघाले. पथकाच्या कार्यालयात जाऊन तिने हजेरीची वही मागितली आणि पंधरा मिनिटं नुसती बोट फिरवत उभी राहिली. भाजी घ्यायला थांबली आणि पिशवी तिथेच विसरली. एकदा मी तिच्या घरी गेले तर तिने कपाटातले सगळे कपडे काढून पलंगावर टाकले होते, आणि परत घड्या घालत होती.

"आत्या, बरं नाही का?"

"हात खाजतोय प्लास्टरमध्ये," ती म्हणाली.

नववा वणवा लहान होता, तासाभरात आटोपला. दहावा मोठा होता. दुपारी दोन वाजता वारा फिरला आणि आग ओढ्यापलीकडे गेली. मधमाश्या पाळणाऱ्या एकाच्या बावन्न पेट्या तिथे होत्या, त्यातली एकही उरली नाही. पेट्या हलवायला म्हणून पथकातला न्हावी पुढे गेला आणि धुरात अडकला. बाबा आत शिरले, त्याला खांद्यावर टाकून बाहेर आले. त्याचा जीव वाचला, पण दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. न्हाव्याचे हात. वर्तमानपत्रात बाबांचा फोटो आला. लोक घरी येऊन हात मिळवून गेले. आईने तो फोटो कापून आरशाच्या कडेला खोचला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने बाबांना फोन केला. "माझ्याबरोबर चल. हिला एकटीला सामान उचलत नाही."

आम्ही तिघं ओढ्यापलीकडे गेलो. आत्याने त्या दिवशी झेंड्या भराभर रोवल्या, कारण तिला मध्यबिंदू ठाऊक असल्यासारखाच होता. बाबा रस्त्याच्या कडेला पिशवी धरून उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. मी चाळणी घेऊन दहा पावलांवर होते.

"बारक्या, इकडे ये," आत्या म्हणाली.

"झेंड्या आहेत. कुठे पाय ठेवू?"

"तुला माहीत आहे कुठे ठेवायचा ते."

बाबा हलले नाहीत. मला वाटलं, ती त्यांना झेंड्यांचे रंग समजावणार असेल. मग मी बाबांचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातली चाळणी खाली पडली.

"किती?" आत्याने विचारलं.

बाबा म्हणाले, "तुझ्याकडे किती आहेत?"

"दहा."

"अकरा आहेत, ताई. गेल्या वर्षीचा एक आहे. पाण्याच्या टाकीमागचा. तू त्यात कारण म्हणून विजेची तार लिहिलंस."

"तिथे तार लोंबत होती."

"लोंबत होती. पण आग तिने नाही लावली."

इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाही, असं आत्या सांगायची. ती खाली राखेत बसली. तिला असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि तिने तो प्रश्न विचारला, जो ती कोणालाच विचारत नव्हती.

"का रे?"

"नाही सांगता येत."

"सांग. मी कुठेही जात नाही."

बाबा सांगायला लागले, पण त्यांना धड सांगता येत नव्हतं. एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरत होते. पथकात गेल्यावर पहिल्या वर्षी एकोणीस दिवस फोन वाजलाच नाही. गणवेशाला इस्त्री करून ठेवलेली. आई म्हणाली, रिकामे आहात तर कपाट लावून द्या. ते कपाट लावलं, आणि मग गाडी काढून टाकीकडे गेले, नुसतेच, डोंगर बघायला.

"आधी ठरवलं नव्हतं," ते म्हणाले. "काडी पेटवली तेव्हाही वाटलं, विझवीन. विझवता आली असती. मी उभा राहिलो बघत."

"मजा येते?"

"नाही गं. पण मग फोन येतो. सगळे धावत येतात, मला विचारतात, टँकर कुठे लावायचा, पाइप कुठून न्यायचा. मी सांगतो आणि ते करतात. त्या चार तासांत पोटातलं हे जे आहे ना, सारखं वळवळणारं, ते थांबतं. घरी येतो, गाढ झोपतो. आठवडा बरा जातो. परत सुरू होतं."

"मग बोलायचं होतंस कुणाशी तरी."

"काय बोलू? मला काम नाही म्हणून मला आग लावावीशी वाटते, असं बोलू?"

आत्याने हातावरची राख झटकली. मग म्हणाली, "आणि न्हावी?"

"त्याला मी बाहेर काढला, ताई."

"काढलास. आत कोणी घातला?"

बाबांनी तोंड फिरवलं. मला त्यांच्याजवळ जायचं होतं आणि त्यांच्यापासून पळायचंही होतं. मी दोन्ही केलं नाही. झेंड्या गोळा करायला लागले, मोजायला लागले, आणि मोजणं सारखं चुकत राहिलं. गणित शिकवणारी मी, मला तीसच्या पुढे जाता येईना.

"मला आठव्यापासून माहीत होतं," आत्या मागून म्हणाली. "काडी सापडली तेव्हाच. अकरा दिवस मी घड्या घालत बसले. त्या दिवशी बोलले असते तर त्याचे हात शाबूत असते. तेही मी लिहिणार आहे. चल."

"उद्या सकाळी जातो. माझा मी जातो."

"नाही. आता."

गाडी मी चालवत होते. आत्या शेजारी, बाबा मागे. गावाच्या फाट्याला डावीकडे वनखात्याचं कार्यालय आणि उजवीकडे आमचं घर. बाबा हळूच म्हणाले, "तुझ्या आईला सांगून येऊ दे." आत्या म्हणाली, "सरळ कार्यालयात घे." मी उजवीकडे वळवली. आयुष्यात आत्याचं ऐकलं नाही ते तेवढंच.

बाबा आत गेले आणि आम्ही गाडीत थांबलो. पाच मिनिटं, दहा, पंधरा. घराला मागचंही दार होतं, आणि त्याच्यामागे रेल्वेचे रूळ. आम्हाला दोघींना ते आठवत होतं. आत्या सीटवर बसल्या बसल्या पाय हलवत होती, सगळी गाडी हलत होती. बाविसाव्या मिनिटाला बाबा पुढच्या दाराने बाहेर आले. गणवेश काढून साधा शर्ट घातला होता, केस विंचरले होते. आई उंबऱ्यात उभी होती, हात ओले, पुसायचं भान नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याकडे पाहिलं.

बाबांना पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मधमाश्यावाला कोर्टात उभा राहून म्हणाला की मला पेट्यांची भरपाई नको, या माणसाने माझ्याकडे बघावं. बाबांनी मान वर केली नाही. न्हावी आला नव्हता. त्याच्या हातांवर चार शस्त्रक्रिया झाल्या. कात्री धरता येते, वस्तरा धरता येत नाही. त्याच्या दुकानात आता त्याची बायको बसते, आणि मी त्या रस्त्याने जात नाही.

आत्याने अहवालात अकरा दिवसांचं सगळं लिहिलं. टाकीमागच्या वणव्याची जुनी फाईल मागवून तिच्यावर स्वतःच्या हाताने आपली चूक नोंदवली. साहेब तिला म्हणाले, "बाई, हे नाही लिहिलंत तरी चालेल, कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "मला शोधायचाच पगार मिळतो." खात्याने तिला सहा महिने घरी बसवलं, आणि नंतर तिने स्वतःहून निवृत्ती घेतली.

आई तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. आईचं म्हणणं साधं होतं. "भाऊ होता ना तो? आधी माझ्याकडे यायचं होतं." मला वाटतं, आईला खरा राग वेगळाच होता. एकाच पलंगावर झोपणाऱ्या माणसाच्या पोटात काय वळवळतंय हे तिला कळलं नाही, आणि ते नणंदेला राखेतून कळलं.

आत्या दर पंधरवड्याला तुरुंगात भेटीला जायची. पहिले सात महिने बाबांनी भेटायला नकार दिला. ती तरी जायची, दोन बस बदलून, ओळखपत्र दाखवून, भेटीच्या खोलीत अर्धा तास येरझारा घालून परत यायची. पहारेकरी बाई तिला म्हणायची, "बसा की हो जरा." आठव्या महिन्यात बाबा आले. काय बोललात, असं मी विचारलं. "तो म्हणाला, तुझं मनगट वाकडं जुळलंय. मी म्हटलं, हो."

मग हळूहळू ती तिथे इतरांशीही बोलायला लागली. आग लावल्याबद्दल आत असलेले आणखी सहा जण होते. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि ती त्यांना एकेक करून भेटायची. आता ती फक्त तोच एक प्रश्न विचारायची. उत्तरं फार काही निराळी नसायची, असं ती सांगते. राग, सूड, रिकामपण, कोणी तरी बघावं ही इच्छा. पण प्रत्येकजण सांगताना तिला एकदा तरी विचारायचाच, "तुम्ही पहिल्याच आहात का हे विचारणाऱ्या?" तिने ते सगळं लिहून काढलं आणि खात्याला पाठवलं. पोच आली. पुढे काही आलं नाही. मग तिने तेच कागद घेऊन पथकांच्या कार्यालयांत फिरायला सुरुवात केली. प्रमुखांना सांगते, नव्या माणसाला घेताना एवढं विचारा, फोन नाही आला त्या दिवशी तो काय करतो. काही ऐकतात. काही चहा पाजून वाटेला लावतात.

बाबा साडेतीन वर्षांनी सुटले. कोर्टाची अट अशी की कोरड्या महिन्यांत रोज दुपारी एक वाजता पोलीस ठाण्यात सही करायची. एकटे जायला लाजतात, म्हणून आत्या बरोबर जाते. वाटेत दोघं कशावरूनही भांडतात, बूट कुठले घ्यावेत, आजी आंधळी कुठल्या साली झाली. सकाळी बाबा एका धोबीखान्यात कपडे मोजतात. आई आता आत्याला दार उघडते. फार बोलत नाही, पण उघडते.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही सगळे आमच्याकडे जेवायला बसलो होतो. खिडकी उघडी होती आणि धुराचा वास आला. लांबचा होता, डोंगराच्या पलीकडचा. आई भात वाढत होती, तिचा हात थांबला. बाबांनी घास खाली ठेवला. त्यांचा गुडघा टेबलाखाली हलायला लागला, भांडी किणकिणायला लागली.

"मी नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "ऊठ. चालायला जाऊ."

"जेवण व्हायचंय."

"आल्यावर जेव."

दोघं उठले. मी खिडकीतून पाहत होते. ती दोघं डोंगराकडे पाठ करून नदीच्या रस्त्याला लागली, भर उन्हात, टोपीसुद्धा न घालता. आत्या पुढे, बाबा अर्धं पाऊल मागे, आणि वेग असा की समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. आईने त्यांची ताटं झाकून ठेवली. दोघं परत आली तेव्हा साडेचार वाजले होते, कपडे घामाने अंगाला चिकटलेले. बाबांनी विचारलं, "विझली?"

"विझली," आई म्हणाली. "मघाशी रेडिओवर सांगितलं."

बाबा हात धुवायला गेले. आत्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि थंडगार झालेला भात उभ्यानेच खायला लागली.